झाकणावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. लगेच नाक मुरडू नका. माझ्या पोटाला मोठा पोचा आहे, एका बाजूची कडी कधीच गळून पडली आहे आणि बुडाशी गंजाचा डाग आहे, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरातल्या त्या रंगीबेरंगी प्लास्टिकच्या डब्यांना विचारून बघा, त्यांच्यापैकी कोणी पोलीस चौकी पाहिली आहे का? मी दोनदा पाहिली आहे. दोन्ही वेळा माझ्या पोटात भाकऱ्या होत्या आणि दोन्ही वेळा मला शिवबाईनंच नेलं होतं. मधे अडतीस वर्षं गेली. तेवढी गोष्ट सांगतो.

माझा जन्म सोलापुरातल्या एका पेठेत, रहिमतुल्लाचाचांच्या दुकानात झाला. चाचा पत्र्याचं काम करायचे. तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून, वळवून त्यांच्या चाळण्या, पेट्या, डबे बनवायचे. मीही मागच्या जन्मी शेंगदाण्याच्या तेलाचा डबा होतो, म्हणून तर माझा स्वभाव थोडा गुळगुळीत आहे. मला बनवून घेतलं ईश्वरप्पानं. ईश्वरप्पा यंत्रमागावर टॉवेल विणायचा. अंगानं उंच, बोलायला मोकळा, आणि हसला की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. त्याचं लग्न ठरलं होतं.

"चाचा, डबा असा रुंद करा की भाकरी न मोडता मावली पायजे," तो म्हणाला. "अक्कलकोटकडची पोरगी हाय. तिच्या हातची कडक भाकरी लई मोठी असती म्हनं."

कडक भाकरी म्हणजे काय, हे सोलापूरच्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांनी ऐका. ज्वारीच्या पिठाची पातळ भाकरी थापायची, तव्यावर शेकायची आणि मग चुलीच्या मंद धगीला उभी करून पार कुरकुरीत होऊ द्यायची. अशी भाकरी महिना महिना टिकते. फक्त तिला दमट हवा चालत नाही आणि धसमुसळेपणा चालत नाही. तिला माझ्यासारखा डबा लागतो.

त्या काळी भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. ईश्वरप्पानं खडूनं माझ्या झाकणावर आपलं नाव लिहिलं आणि चाचांनी त्या रेघांवर खिळ्यानं एकेक ठिपका ठोकला. चार अक्षरं झाली. मला गुदगुल्याही झाल्या आणि दुखलंही. पण नाव घातलं, तेव्हा कुठे मी कोणाचा तरी झालो.

लग्न होऊन शिवबाई घरात आली. तिला वाचता येत नव्हतं. झाकणावर काय लिहिलंय, असं तिनं विचारलं तर ईश्वरप्पा नुसता हसला. मग तिनं त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, तिला काय ते उमगलं आणि ती लाजली. मित्रांनो, तेव्हा बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी आग्रह केला की उखाण्यात घ्यायचं, एरवी नाही. शिवबाई नवऱ्याला 'अवो' म्हणायची, आणि पुढे मुलगा झाला तेव्हा 'गुरुशांतचे वडील' म्हणायला लागली. नाव फक्त तिच्या बोटाला माहीत होतं. रोज सकाळी ती मला पुसायची आणि शेवटी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. रोज भाकऱ्या आत, रोज भाकऱ्या बाहेर, वर शेंगाची चटणी, आणि ईश्वरप्पाची बंद पडलेल्या मागापासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यावर बडबड.

तीच बडबड कोणाला तरी आवडली नाही. सत्त्याऐंशी साली निवडणूक होती. एका वजनदार उमेदवारानं माग चालवणाऱ्या कामगारांना काय काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं होतं, ते ईश्वरप्पा चौकाचौकात उभा राहून सांगायला लागला. लोक हसायचे आणि टाळ्या वाजवायचे. मतदानाला दोन दिवस उरले असताना दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी जीप थांबली. दोन माणसं आली. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाली. ईश्वरप्पा तेव्हा जेवायला बसणार होता.

"भाकरी झाकून ठेव," तो शिवबाईला म्हणाला. "आलोच."

तिनं ती भाकरी माझ्यात ठेवली आणि झाकण लावलं. ईश्वरप्पा आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, निकाल लागला तरी नाही.

तिसऱ्या दिवशी शिवबाई मला घेऊन चौकीत गेली. तिला वाटलं होतं की त्याला आत बसवून ठेवलं असेल, तो उपाशी असेल. म्हणून तिनं चार ताज्या भाकऱ्या माझ्यात घातल्या. कडेवर चार वर्षांचा गुरुशांत होता. बरोबर रहिमतुल्लाचाचा आले होते, पण त्यांना बाहेरच थांबवलं. आत टेबलामागे एक हवालदार बसले होते. त्यांनी मोठं रजिस्टर उघडलं आणि हरवलेल्याचं नाव विचारलं.

शिवबाईच्या तोंडून शब्द फुटेना. चोवीस वर्षांची पोर, समोर परका माणूस, त्यात खाकी कपडे. जे नाव तिनं घरातसुद्धा घेतलं नव्हतं, ते तिथे कसं घेणार? ती म्हणाली, "गुरुशांतचे वडील." हवालदारांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग तिला एक युक्ती सुचली. तिनं मला टेबलावर ठेवलं, त्यांच्याकडे सरकवलं आणि झाकणावरच्या नावावर बोट ठेवलं.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "नको बाई," ते म्हणाले, "माझं जेवण झालंय."

मित्रांनो, मी किती ओरडलो असेन! पण डब्याचं कोण ऐकतो? त्यांना वाटलं, ही बाई भाकरी देते आहे. शिवबाईला वाटलं, त्यांनी नाव वाचलं. त्यांनी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि तपास करतो म्हणाले. हातात कागद दिला नाही. शिवबाई मला उचलून घरी आली. माणूस आत नव्हता, त्यामुळे चारही भाकऱ्या तशाच परत आल्या.

पुढची वर्षं कशी गेली हे सांगताना मी रडणार नाही, कारण रडलो तर गंजेन. शिवबाई कडक भाकऱ्या करून विकायला लागली. तिच्या भाकरीचं नाव झालं. बार्शीपर्यंत तिची भाकरी जायची. प्रत्येक खेपेची पहिली भाकरी मात्र ती माझ्यात ठेवायची. ती त्याच्या वाटणीची. नवी भाकरी आत गेली की जुनी बाहेर यायची आणि गल्लीतलं जे पोर समोर असेल, त्याच्या हातात पडायची. पोरांनी तिला 'काकाची भाकरी' असं नाव दिलं होतं. "आज काकाची भाकरी माझी!" म्हणून अशी झोंबाझोंबी व्हायची की माझ्या पोटाचा पोचा त्यातच पडला. रहिमतुल्लाचाचांचा मोईन त्यात सगळ्यात पुढे. काकाच्या भाकरीवर वाढलेली एक पोरगी आज नर्स आहे, एकजण एसटीचा ड्रायव्हर आहे. न पाहिलेल्या माणसाच्या वाटणीचं खाऊन अख्खी गल्ली मोठी झाली. या गोष्टीचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

पण शिवबाईचं काय? दिवसा तिनं दाराला कधी कडी लावली नाही. अक्कलकोटला माहेरी गेली तरी संध्याकाळच्या गाडीनं परत यायची, कारण तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर? निवडणुकीचे कर्णे वाजायला लागले की तिच्या हातची भाकरी जाड व्हायची आणि चार-चार दिवस तशीच जाड राहायची. लहानग्या गुरुशांतला पांढरी जीप दिसली की तो पळत येऊन माझ्याशेजारी, कोपऱ्यात बसायचा. आणि संक्रांत आली की गल्लीतल्या बायका तिच्या दारावरून खाली मान घालून जायच्या. हळदीकुंकवाला तिला बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. ती सवाष्ण की विधवा, हे कोणालाच माहीत नव्हतं. तिला स्वतःलाही नाही. त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांना काय करावं ते कळत नव्हतं, एवढंच. पण त्यामुळे अडतीस वर्षांत तिला कोणी नाव घ्यायचा आग्रह केला नाही.

मधल्या काळात गुरुशांतचं लग्न झालं. त्याच्या बायकोनं, दानेश्वरीनं, एक निळा प्लास्टिकचा डबा आणला आणि मला आतल्या भाकरीसकट माळ्यावर टाकलं. हौसेनं गरम गरम भाकरी त्या निळ्या डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी ती कडक भाकरी चामड्यासारखी वातड झाली होती. त्याच दुपारी मी खाली आलो. दानेश्वरीवर माझा राग नाही, पण तो निळा डबा आता कांदे सांभाळतो, हे तुम्हाला कळलेलं बरं.

आता या वर्षाची गोष्ट. गुरुशांतला एका शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. तो आणायला गेला आणि हसत हसत घरी आला. जुनी रजिस्टरं म्हणे आता कॉम्प्युटरमध्ये चढवली आहेत. तिथल्या साहेबांनी त्याचं नाव टाकलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की तुम्ही हरवलेले आहात. सत्त्याऐंशी सालापासून. वय अठ्ठावीस, उंच, यंत्रमाग कामगार. वयाचा घोळ बघून साहेबही हसले. दाखला काही अडला नाही.

"अव्वा, मी हरवलोय म्हनं," गुरुशांत आईला म्हणाला. "आता मला शोधायला कोन जानार?"

दानेश्वरी हसली. दारात उभी असलेली रुक्साना, म्हणजे मोईनची बायको, तीही हसली. शिवबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या झाकणाकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला सगळं कळलं आहे. ती 'गुरुशांतचे वडील' म्हणाली होती आणि हवालदारांनी हरवलेल्याच्या नावापुढे 'गुरुशांत' लिहिलं होतं. गुरुशांतचंही हसू हळूहळू मावळलं.

"म्या नाव दाखवलं हुतं," ती हळूच म्हणाली. "बोट ठिवून दाखवलं हुतं."

ती उठली, हात धुतले आणि चूल विझवली. आपण नाव घेतलं नाही म्हणून तो सापडला नाही, असं तिच्या मनानं घेतलं. घरातल्यांनी परोपरीनं समजावलं. ज्यांनी नेलं, दोष त्यांचा आहे. ज्यांनी नीट ऐकून घेतलं नाही, दोष त्यांचा आहे. तिनं मान हलवली, पण चूल पेटवली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. माझ्यातली शेवटची भाकरी तिनं शेजारच्या पोराला दिली आणि नवी ठेवली नाही. अडतीस वर्षांत मी पहिल्यांदा रिकामा झालो. रिकाम्या डब्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, मित्रांनो, आणि तो चांगला नसतो.

तेव्हा पुढे आली अक्षता. ही गुरुशांतची मुलगी, कॉलेजात शिकते आणि एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामही करते. आज्जीची चूल बंद पडलेली तिला बघवत नव्हती. संक्रांत झाली होती, सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेची धूळ अजून हवेत होती. तिनं जाहीर केलं की यंदाचं हळदीकुंकू आपल्या घरी. आणि सगळ्यांना बोलवायचं. सवाष्णी, विधवा, बिनलग्नाच्या, रुक्सानाकाकी, सगळ्या. वाण म्हणून प्रत्येकीला एक कडक भाकरी. शिवबाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. मग अक्षतानं स्वतःच पीठ मळलं.

तिच्या भाकऱ्यांबद्दल मी काय सांगू? एक त्रिकोणी होती. एकीला मधोमध भोक होतं. बाकीच्यांच्या कडा काळ्या आणि पोट कच्चं. त्या सगळ्या तिनं माझ्यात भरल्या आणि मी मुकाट्यानं भरून घेतल्या, कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत तक्रार करायची सवय राहिली नव्हती.

संध्याकाळी घर भरलं. वीस-बावीस बायका आल्या. ज्यांना कित्येक वर्षं कोणी बोलावलं नव्हतं, त्या सगळ्यात आधी येऊन बसल्या होत्या. शिवबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, मग नाव घ्यायचा आग्रह सुरू झाला. एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं. विधवा बायकांनीही घेतलं. नाव घेताना एकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि घेऊन झाल्यावर ती हसली. मग सगळ्यांनी रुक्सानाला धरलं. आमच्यात नसतं असलं काही, असं ती म्हणाली आणि लगेच पदर सावरून उभी राहिली.

"शेंगाच्या चटनीला लसनाचा मारा, मोईनमियांचं नाव घेते, दुकान उघडतात वाजले की बारा!"

हशानं छपराचे पत्रे वाजले. मी पत्र्याच्या जातीचा, मला ते लगेच कळलं. त्या हशातच अक्षतानं मला उचललं आणि नेऊन आज्जीच्या मांडीवर ठेवलं, झाकणावरचं नाव तिच्याकडे करून.

"अज्जी, आता तू," ती म्हणाली.

बायका खाली बघायला लागल्या. दानेश्वरीनं लेकीचा हात धरला. मला वाटलं, आता शिवबाई उठून आत जाणार. तिनं अक्षताकडे पाहिलं.

"मला कदी कुनी इचारलंच न्हाय गं," ती म्हणाली.

"मी इचारतीय की."

शिवबाईचं बोट माझ्या झाकणावर आलं. पहिल्या ठिपक्यावर थांबलं, मग हळूहळू चारही अक्षरांवरून फिरलं. मग तिनं मान वर केली.

"ज्वारीची भाकरी कडक, डब्यात ठेवली जपून,
ईश्वरप्पांचं नाव घेते, अडतीस वर्षं थांबून."

कोणी टाळी वाजवली नाही. रुक्साना उठली, तिनं शिवबाईला मिठी मारली, आणि मग सगळ्याच बायका एकदम बोलायला लागल्या. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, आणि दोन-तीनजणी दोन्ही एकदम करत होत्या. मी मधे दाबला गेलो होतो. तेवढ्यात शिवबाईनं माझं झाकण उघडलं आणि आतली ती त्रिकोणी भाकरी बाहेर काढली. ती उलटसुलट करून पाहिली.

"ही कसली गं भाकरी? ईश्वरप्पा आला तर त्येला असली वाढनार व्हय?" ती म्हणाली. मग पदर खोचून उठली. "सर, चूल पेटीव. पीठ कुटं ठिवलंस?"

त्या संध्याकाळी वाणाच्या सगळ्या भाकऱ्या नव्यानं झाल्या. बायका दोन तास थांबल्या आणि गरम भाकऱ्या घेऊन गेल्या. अक्षताच्या भाकऱ्या कोणाच्या पोटात गेल्या, ते मी सांगणार नाही. गल्लीतल्या कुत्र्यांनाही अब्रू असते.

सोमवारी शिवबाई मला घेऊन चौकीत गेली. गुरुशांतला सुट्टी होती, तोही बरोबर होता, पण ती त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती. टेबलामागे एक तरुण पोलीस बाई होत्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली. जुनी नोंद चुकीच्या नावानं झाली आहे, ती दुरुस्त करायला आलो, असं गुरुशांतनं सांगितलं. बाईंनी कागद पुढे ओढला.

"आजी, हरवलेल्या व्यक्तीचं नाव...?"

"ईश्वरप्पा," शिवबाई म्हणाली. प्रश्न अजून पुरता संपला नव्हता. "ईश्वरप्पा. लिवा. ईश्वरप्पा." आणि मला टेबलावर ठेवून तिनं झाकणावर बोट ठेवलं. "हितं बी हाय."

त्या बाई पुढे वाकल्या. त्यांनी ती ठिपक्यांची चारही अक्षरं मोठ्यानं वाचली आणि मग लिहिली. आपलं नाव इतक्या वर्षांनी मोठ्यानं वाचलेलं ऐकून मला काय वाटलं, ते सांगता येणार नाही. नाव माझं नव्हे, ते मला माहीत आहे. तरीपण. जबाब पूर्ण झाल्यावर शिवबाईनं झाकण काढून मला पुढे सरकवलं. बाईंनी एक भाकरी घेतली, मोडली आणि तिथेच खाल्ली. कागदाची प्रतही दिली. आता ती माझ्या तळाशी, स्वच्छ फडक्याखाली आहे.

ईश्वरप्पा सापडला का, असं तुम्ही विचाराल. नाही. कदाचित सापडणारही नाही. शिवबाई हे जाणते. पण आता ती घरातल्या सगळ्यांना घेऊन, दाराला कुलूप लावून दोन दिवस माहेरी राहून येते. शेजारणीला किल्ली देते आणि सांगते, ईश्वरप्पा आला तर म्हणावं डब्यात भाकरी आहे. दिवसातून दहा वेळा ती त्याचं नाव घेते. ईश्वरप्पाला तिखट लागायचं, ईश्वरप्पा असा हसायचा. गल्लीतल्या पोरांना आता काका कोण होता ते कळलं आहे. परवा दोघं भांडत होती तेव्हा एक ओरडला, "आज ईश्वरप्पाकाकाची भाकरी माझी!" आणि मला दुसरा पोचा पडला.

मित्रांनो, निरोप घेण्याआधी दोन गोष्टी मागतो. तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेल तर त्याला धुवून लगेच कोरडा करा आणि ओलसर जागी ठेवू नका. आणि तुमच्या गल्लीत कोणी कोणाची वाट पाहत असेल, तर खाली मान घालून पुढे जाऊ नका. थांबा, नाव विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित ते माणूस काहीच बोलणार नाही, नुसता डबा तुमच्यापुढे सरकवेल. तेव्हा जेवण झालंय म्हणू नका. आधी झाकण वाचा.